खेळात राजकारण नको

बावड्याच्या क्रिकेट स्पर्धेचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण व्हायचं आणि बुद्धभूषण मास्तर त्याची कॉमेंट्री करायचे. चषकाला नाव भाऊसाहेबांचं, आणि भाऊसाहेब यंदा झेडपीला उभे. षटकार गेला की मास्तरांनी आधी म्हणायचं, "हा षटकार भाऊसाहेबांच्या सौजन्यानं!" मारला कुणी, ते मागाहून.

यंदा मास्तरांच्या बहिणीनं, करुणाताईनं, इंदापुरातल्या आपल्या अभ्यासिकेची जाहिरात रीतसर पैसे भरून दिली. समितीच्या वसंततात्यांनी ती परत पाठवली.

"मास्तर, जाहिरातीत अभ्यास करणाऱ्या पोरींच्या मागं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो हाय. खेळात राजकारण नको. समितीचा ठरावच हाय तसा."

"आन् दर ओव्हरला भाऊसाहेब दिसत्यात, ते?"

"ते स्पॉन्सर हायत!"

मास्तरांचं डोकं सणकलं. पण माणूस शाळेतला. "ठरावाची प्रत द्या," एवढंच म्हणाले.

फायनल संपली. भाऊसाहेब पक्षाच्या आठ पदाधिकाऱ्यांसह स्टेजवर बसले, हार आले. मास्तरांनी खिशातली प्रत काढली, सहीशिक्क्यासकट माईकवर वाचली आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, "ठरावानुसार पुढाऱ्यांनी कृपया खाली उतरावं. बक्षीस पंच देतील."

स्टेजवरून एकच माणूस उठला: वसंततात्या, माईकची वायर उपटायला. गावोगावच्या मोबाईलवर ते थेट दिसलं, आणि खाली पट्टी चालूच होती, "हे प्रक्षेपण भाऊसाहेबांच्या सौजन्यानं."