पाच ठिपके

रुपरावांना सुनेच्या भिंतीवर पाच ठिपके दिसले आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवणावरचं मन उडालं.

सून नीला चित्रकलेच्या परीक्षा दिलेली. माणसं काढायची तिला हौस नव्हती. कुणाच्याही घरी गेली की तिचे डोळे आधी फरशीवर, मग पडद्यांवर, मग कपाटाच्या जाळीवर. घरी येऊन ती सगळी नक्षी वहीत उतरवायची. नवरा रेल्वेत, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. तेवढ्या दिवसांत तिनं आपल्या खोलीची आख्खी भिंत गेरू, चुना आणि निळीनं भरून काढली. वस्तीतली माणसं येऊन बघून गेली. विहाराच्या नव्या सभागृहाची भिंत तिलाच रंगवायला द्यावी, असं बोलणं समितीत सुरू झालं. रविवारी ठरायचं होतं आणि नीला त्या रविवारकडे डोळे लावून बसली होती.

रुपराव त्याच समितीत. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच आठवड्यात त्यांनी घरातले देव कन्हान नदीत सोडले होते. तेव्हापासून दुसऱ्याच्या फडताळात एखादा देव उरला नाही ना, हे बघायची त्यांना खोडच लागली होती. आणि आता त्यांच्याच घरात हे! चौकोनात पाच ठिपके, वर तीन रेघा. लहानपणी गावच्या मातामायच्या, म्हणजे गावदेवीच्या, दगडावर शेंदराचे ठिपके त्यांनी पाहिले होते. हे तेच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

“हे कुठून आणलं वं?” त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं.

नीलानं आधी सासूकडे पाहिलं. “महालात डॉक्टरचा दवाखाना हाये ना मामाजी, तिथल्या फरशीवरून.”

दुसऱ्याच दिवशी रुपराव सायकल काढून महाल भागात. फरशी बघायला आलो म्हणून कसं सांगणार? मग खोकावं लागलं. बाकावर बसून त्यांनी फरशी कोपरान् कोपरा तपासली. वेली होत्या, कमळं होती, पण ठिपक्यांचा पत्ता नव्हता. खोकल्याच्या लाल औषधाची बाटली घेऊन ते परतले, ते एकच गोष्ट मनात धरून. पोरगी खोटं बोलून राहिली होती.

शनिवारी नीला नळावर गेली तेव्हा त्यांनी तिची ट्रंक उघडली. सासऱ्यानं करू नये ते केलं. वहीच्या मधल्या पानावर एका बाईचा हात होता, कोपरापासून बोटांपर्यंत. एकही बांगडी नाही, आणि मनगटाच्या वर चौकोनात पाच ठिपके. देवीचा हात! पुढची पानं उलटायचं त्यांना भानच राहिलं नाही.

घरात विचारलं असतं तर घरातच मिटलं असतं. पण रुपराव मनापासून घाबरले होते. उद्या विहाराच्या भिंतीवर हे चिन्ह दुसऱ्या कुणी ओळखलं, तर दहा वर्षांत कमावलेलं नाव मातीत जाणार. त्यापेक्षा आपणच सांगून मोकळं व्हावं.

रविवारी सभेत त्यांनी वही अध्यक्ष मनोहररावांपुढे आपटली.

“भिंत इले देऊ नका. माही सून हाये म्हणून मी लपवणार नाई. हा मातामायचा हात हाये. इले चोरून जुने देव आणाचे हायेत विहारात!”

नीला बोलायला गेली आणि सासूकडे पाहून थांबली. मनोहररावांनी पेन खाली ठेवलं.

तेव्हा बायकांमधून तुळसाबाई उठल्या. रुपरावांच्या पत्नी, बत्तीस वर्षांच्या संसारात चारचौघांत चकार शब्द न काढलेल्या. पुढे येऊन त्यांनी मनगटावरच्या हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि हात वहीशेजारी टेबलावर ठेवला. गोंदण फिकं झालं होतं, पण ठिपके पाचच्या पाच होते.

“पाहून घ्या सगळे,” त्या म्हणाल्या. “पाच वर्साची होती मी. गोंदणारीनं धरून गोंदलं. मले कोणी इचारलं नाई. मले लाज वाटे, म्हणून मीच नीलेले म्हटलं, कोणाले सांगू नको. नीला म्हणे, आई, तुमचा हात लय सुंदर हाये. आजवर कोणी म्हटलं नव्हतं मले.”

मनोहररावांनी वहीचं पुढचं पान उलटलं, मग त्याच्या पुढचं. तिथं विहाराच्या भिंतीचा आराखडा होता. वरपासून खालपर्यंत पिंपळपानांची नक्षी, आणि ठिपका औषधालाही नाही.

“पान तरी पलटवाचं होतं गा, रुपराव,” ते हळूच म्हणाले.

भिंत नीलाला मिळाली. टाळ्या वाजल्या, तेव्हा रुपराव चपला शोधत होते.

आठवड्याभरात तुळसाबाईंनी शिंप्याकडून नवं झंपर शिवून आणलं. भर मे महिना, पत्रे तापलेले, आणि बाह्या थेट मनगटापर्यंत. रुपरावांनी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांच्यानं राहवलं नाही.

“एवढ्या उन्हात लांब बाह्या काहून?”

तुळसाबाईंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

“बत्तीस वर्सं याच हातानं वाढून राहिली तुम्हाले,” त्या म्हणाल्या. “वळखला नाई तुम्ही. मंग उघडा काहून ठेवू?”