हातभर दूर लावा

मी ऐनाच्या लाकडाचा खांब बोलतोय. अड्याळला टिकारामच्या परसात उभा आहे. दोडक्याचा मांडव माझ्या जिवावर होता. आता मांडव नाही. मी आहे.

टिकारामनं मला गाडलं, तेव्हा बुडाशी दगड ठोकले, वर मुरूम घातला. त्या साली मोठं वादळ झालं. शेजारपाजारचे मांडव आडवे झाले. मी हललो नाही.

त्याची बायको गिरजाबाई पळसाच्या पानांचे द्रोण करायची. त्यात माती, शेणखत आणि एकेक बी. रोपाला चार पानं फुटली की द्रोणासकट जमिनीत. पान मातीत कुजतं, मुळाला धक्का लागत नाही.

पहिल्या वर्षी ती रोप माझ्या पायाशीच लावायला निघाली. टिकारामनं अडवलं.

"तिथं नोको. खाली गोटे हायेत. हातभर दूर लाव."

"चढवाची खांबालेच ना? मंग दूर काहून?"

"तू जेवाले चुलीजवळ बसते का चुलीत बसते?"

ती हसली. हातभर दूर लावलं. वेल आपली आपण माझ्यापर्यंत आली.

दुसरा नेम वेळेचा. वेलीनं सूत काढायच्या आत तिला जागा द्यावी. सूत म्हणजे तिचा तो बारीक, वळणारा तंतू. उशीर झाला तर वेल थांबत नाही. जे हाताशी असेल ते धरते.

खड्डा घरच्या पुरुषानं खणायचा, हा त्या घरचा रिवाज. टिकाराम वारला. मग मुलगा खेमराज खणू लागला. तोही साकोलीला गेला, गॅरेजात. चौऱ्याऐंशी साली रोपं तयार झाली आणि गिरजाबाई त्याची वाट पाहत बसली.

कुंपणापलीकडून शकुनबाई म्हणाली, "तूच खण ना वो माय. हात काय उसने आणले?"

"खेमराज येते. निरोप धाडला."

"एस.टी. तर रोजच येते. तुहा खेमराज काही उतरत नाही."

तो उतरला, तेव्हा रोपांनी सूत काढून एकमेकांना घट्ट धरलं होतं. त्याला लगेच परतायचं होतं. त्यानं ओढली. मुळं तुटली.

"वेल ओढाची नसते रे बापू," म्हातारी एवढंच बोलली.

एक रोप जगलं. त्याचा एक दोडका तिनं वेलीवरच वाळू दिला आणि माझ्या खिळ्याला टांगला. घरचं बी तेवढंच उरलं होतं. त्या हिवाळ्यात खेमराज तिला न्यायला आला.

"माय, हा दोडका घेऊ का सोबत?"

"राहू दे. लावाले मी येईन."

आली नाही.

मांडवाचे बांबू लोकांनी नेले. दोडका वाऱ्यानं खुळखुळायचा. तेवढाच आवाज सोबतीला. मग त्याच्या खालच्या टोकाचं वाळकं झाकण गळून पडलं, बिया सांडल्या. नेमक्या माझ्या बुडाशी, दगडांत.

त्यातलं एक उगवलं आहे. चार पानं झाली. सूत अजून निघालं नाही.

मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही. आज मागतो. कुंपण पडलं आहे, आत या. ते रोप मातीसकट उचला. सकाळचं ऊन येतं त्या बाजूला, हातभर दूर, संध्याकाळी लावा. घरच्या पुरुषाची वाट पाहू नका. कुणाचाही हात चालेल.

पण उशीर करू नका. सूत निघालं की ते दगडांतूनच मला धरेल आणि तिथंच वाळेल. मला वाकता येत नाही.