एका डब्यात दोन चुली

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो, आणि मला चेहरा नाही. मॉनिटर नाही हो. लोक येतात, माझ्यापुढे उभे राहतात आणि विचारतात, ह्याचा टीव्ही कुठंय? मला नुसता डबा, एक कीबोर्ड आणि एक फुटक्या जाळीचा स्पीकर. पण बोलतो मी भरपूर. प्रकाशा गावातल्या आमच्या गल्लीत माझ्याएवढं बोलणारं दुसरं कोणी नाही. वत्सलाबाई सोडून.

माझी उमेदीची वर्षं गेली एका साखर कारखान्याच्या काट्यावर. उसाची गाडी काट्यावर चढली की वजन सांगायचं, हेच काम. पुढे ट्रॅक्टर, मागे बैलगाड्या, वर धूळ, खाली मळीचा वास. काट्यावरचे सुकलाल आप्पा सकाळी आले की आपल्या रुमालानं आधी मला पुसायचे, मग स्वतःचं तोंड. ह्याच्यात उलटसुलट कधी झालं नाही. हंगाम जोरात असला आणि मी अडलो नाही की माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "बैलपेक्षा इमानदार शे रे तू." एवढी शाबासकी मला हंगामभर पुरायची.

मग नवा कॉम्प्युटर आला. आप्पाही घरी बसले. मला गोदामात, रिकाम्या पोत्यांच्या मागे टाकलं. तिथं एका पालीनं माझ्या पंख्याजवळ अंडी घातली. मला राग नाही आला. म्हटलं, चला, कोणाच्या तरी कामी आलो.

तिथून भंगारात, आणि भंगारातून शहाद्याच्या एसटी स्टँडमागं चुनीलालच्या दुकानात. चुनीलाल माणूस तोंडाचा तिखट, हाताचा हलका. त्यानं हवेच्या पिचकारीनं माझ्यातली धूळ उडवली, पाल हाकलली, मेलेला पंखा बदलला. आणि एका दुपारी दुकानात हेमकांत आला.

हेमकांतला लहानपणापासून दिसत नाही. रिक्षावर भोंगा लावून गावोगाव जाहिराती फिरतात ना, साड्यांचा सेल, केळीची रोपं, यात्रेतला पाळणा, त्यातला भारदस्त आवाज ह्याचा. त्या जाहिराती तो स्वतः बोलतो, स्वतः कापतो-जोडतो. त्यासाठी त्याला कॉम्प्युटर पाहिजे होता. त्यानं माझ्यावर सगळीकडून हात फिरवला, बाजारात बैल बघतात तसा.

"चुनीभाऊ, हाऊ चालस का नुसता मांडी ठेयेल शे?"

"चालस. पण मॉनिटर बी संगे लेवाना पडी."

"मॉनिटर लीसन काय करू? त्यावर पापड टाकू?"

"पापड नको टाकू. आरसा म्हनीसन लाव भिंतवर."

"आरसाना बी मले काय उपेग?"

दोघंही हसले. तेव्हा मला कळलं, ह्याच्या घरी आपलं जमेल. चेहरा दुकानातच राहिला आणि मी एसटीत हेमकांतच्या मांडीवर बसून प्रकाशाला आलो.

माझ्यात एक वाचणारा प्रोग्राम असतो. हेमकांतचं बोट जिथं जाईल, तिथं काय लिहिलंय ते मी मोठ्यानं वाचतो. नीट ऐका बरं, मित्रांनो, पुढं हे लागेल. मला वाचता येतं. पण माझ्या मनातलं मला बोलता येत नाही. दिलेलं तेवढंच माझ्या तोंडून निघतं.

हेमकांतच्या घरात तो आणि त्याची माय वत्सलाबाई. आधी तिसरी एक होती, शोभाबाई, वत्सलाबाईंची जाऊ. दोघी जावा एका घरात दोन चुलींवर शिजवायच्या. भांडण नव्हतं. एकीला तिखट लागायचं, दुसरीला सोसायचं नाही, एवढंच. वाटी मात्र इकडून तिकडे रोज जायची. श्रावणात घरी कानबाई देवी बसली की गाणी शोभाबाईच सांगायची, बाकी बाया मागून धरायच्या. हेमकांतनं आपल्या काकीची ती सगळी गाणी एका वर्षी फोनवर भरून घेतली आणि माझ्यात उतरवली. पुढच्या थंडीत शोभाबाई गेली. फोन आधीच तापीत पडला होता. म्हणजे तिचा आवाज जगात उरला तो फक्त माझ्या पोटात.

त्यानंतरच्या श्रावणात कानबाई बसली तेव्हा हेमकांतनं मला ओसरीत आणून ठेवलं. मी शोभाबाईच्या आवाजात गाणं सांगितलं, बायांनी मागून धरलं. वत्सलाबाई पहिलं कडवं धरू शकल्या नाहीत. दुसऱ्याला धरलं.

तर असा जपायचा माल पोटात घेऊन मी चाललो होतो, पण पाय ओढत. माझ्यातली विंडोज माझ्या वयाला जड झाली होती. हेमकांत बटण दाबायचा आणि माझं उत्तर त्याला चहा पिऊन झाल्यावर यायचं. चुनीलालनं सांगितलं, लिनक्स नावाची हलकी सिस्टीम आहे, फुकट मिळते, आंधळ्या माणसाला ती भरता यावी म्हणून भरतानाच बोलते. पण कापायचं-जोडायचं काम हेमकांतच्या बोटांना विंडोजमध्येच बसलेलं. ती काढून चालणार नव्हती. मग ठरलं, दोन्ही ठेवायच्या.

वत्सलाबाईंना ते काही पटेना. "एक डबामा दोन कशा ऱ्हातीन?"

"माय, तू आणि शोभाकाकी कशा ऱ्हायन्यात? घर एक, चूल दोन. जिले पेटाडं ती पेटी."

"मंग भांडाव नईत," त्या म्हणाल्या, आणि पटलं.

हेमकांतनं विंडोजकडून थोडी जागा सोडवून घेतली, नव्या चुलीसाठी. पेन ड्राइव्ह एकच होता, त्यावर चुनीलालनं लिनक्स भरून दिली. शिवाय, चालू झाल्यावर आधी पेन ड्राइव्हकडे बघायचं, हे माझ्या डोक्यात दुकानातच घालून ठेवलं, कारण त्या वेळेला मी मुका असतो. एवढी तयारी करून पोरगं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बसणार होतं.

आणि दसऱ्याला काय झालं?

तुमच्याकडे होतं तेच. घरातली हत्यारं, यंत्रं, सगळ्यांची पूजा. हेमकांत सेलच्या जाहिराती द्यायला शहाद्याला गेलेला. वत्सलाबाईंनी विळा पुसला, कोयता पुसला, शिलाई मशीन पुसलं, मग माझ्याकडे आल्या. ओलं हळदीकुंकू लावलं, झेंडू ठेवला, अक्षता टाकल्या. सुकलाल आप्पांनंतर मला कोणी असा मान दिला नव्हता. मी नुसता फुगलो. संध्याकाळी त्यांनी फूल उचललं, तांदूळ झाडले. पण एक दाणा ओल्या कुंकवात बसला होता, तो तिथंच वाळला. कीबोर्डवर उजवीकडं आकड्यांचा चौकोन असतो ना, त्यातल्या सहावर.

तुम्हाला वाटेल, तांदळाच्या दाण्यानं काय होतं. तुम्हाला दिसतं, म्हणून तसं वाटतं. त्या चौकोनात मधल्या पाचावर एक बारीक उंचवटा असतो. न बघणारा माणूस बोटानं तो उंचवटा शोधतो आणि तिथून बाकीचे आकडे धरतो. एक पाहिजे असेल तर पाचाच्या खाली आणि डावीकडे. आता सांगा, उंचवटा सहावर लागला तर तेच बोट कुठं जाईल?

दुसऱ्या दिवशी लाईट आली आणि हेमकांत बसला. आमच्याकडं एक गंमत आहे, लाईट आली की मी चालू होतो आणि लाईट आली की शेजारची पिठाची चक्कीपण चालू होते. कानात हेडफोन घातला तर मायची हाक ऐकू येत नाही, म्हणून हा स्पीकरच वापरतो. म्हणजे चक्कीच्या घरघरीत माझं बोलणं पकडायचं.

मी ‘पी’ असा बारीक आवाज केला. त्यानं बोलायला लावणारं बटण दाबलं. नवा आवाज सुरू झाला, जरा नाकातून, पण मराठी. भाषेचा आकडा त्यानं वरच्या ओळीत, कडेनं मोजत, जपून दाबला होता. पुढचे प्रश्न नुसत्या एंटरवर निभावले. हात सरावला, तसा उजवीकडं गेला.

मग तो प्रश्न आला. एक, मोकळी जागा वापरा. दोन, संपूर्ण डिस्क वापरा. आणखी दोन-तीन होते. हेमकांतला एक पाहिजे होता. एंटरवरून त्याचं बोट डावीकडं सरकलं, वर गेलं, उंचवटा लागला. तांदूळ. तिथून खाली आणि डावीकडं.

दोन.

मी "दोन" म्हटलं, मित्रांनो. दाबलेलं वाचायचं, तसं वाचलं. पण चक्कीत कोणाची तरी बाजरी जोरात पडत होती आणि माझा दोन तिनं दळून टाकला. त्यानं एंटर दाबलं. मी विचारलं, कोणती डिस्क? त्याला डिस्क एवढाच शब्द ऐकू आला. एंटर. मी आणखी विचारलं. एंटर. काट्यावर ओव्हरलोड गाडी चढली तर काटा वजन सांगतो, गाडी अडवत नाही. मी तसा. शोभाबाई माझ्या पोटात होती आणि तिला पुसायचा हुकूम मी एकेक प्रश्नानं पक्का करत होतो.

तेवढ्यात बाजरी संपली. चक्कीवाल्यानं पट्टा उतरवला आणि गल्ली एकदम शांत झाली. त्या शांततेत मी माझं शेवटचं वाचलं, जरा नाकातून, पण स्वयंपाकघरापर्यंत जाईल असं: "संपूर्ण डिस्कवरची सर्व माहिती नष्ट होईल. बदल लिहायचे का? एक, हो. दोन, नाही."

हेमकांतच्या डाव्या हाताचं बोट वरच्या ओळीतल्या कडेच्या एकावर पोचलेलं होतं. प्रत्येक बदलाला असली तंबी मिळते, त्याला माहीत होतं. सवयीनं तो दाबणारच होता.

"हेमु," वत्सलाबाई चुलीपासून म्हणाल्या. "हाऊ काय सांगी ऱ्हायना? संपूर्ण म्हंजे सगळं ना?"

"हा माय. त्याले तसं बोलानी सवय शे."

"सगळं घर? मंग शोभानी चूल कोठे?"

बोट थांबलं.

भाकरी करपल्याचा वास आला, पण तव्याकडे कोणी बघितलं नाही. हेमकांतनं वाचणं परत ऐकलं. मग मागे गेला, आणखी मागे गेला, आधीच्या प्रश्नापर्यंत. मग दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि सगळी बटणं एकेक करून चाचपली. पाचावर उंचवटा. सहावरपण उंचवटा. त्यानं नखानं हळूच टोकरलं.

"माय, आठे काय ठेयं तू?"

"काल दसरा व्हता ना भाऊ. पूजा करी. तांदूय व्हई एखादा."

ह्या दाण्यानं बोट एक बटण पुढं नेलं, असं सांगून त्यानं तो तळहातावर धरला. वत्सलाबाई जवळ आल्या, त्यांनी दाणा बघितला आणि त्यांना सगळं समजलं. खाली बसल्या.

"मन्हा हातेच शोभा जाती."

"जाती, पण तूच अडावी ना तिले," हेमकांत म्हणाला. "पूजा करी ती चूक नई माय. मले सांगं नई, एवढीच चूक. आते रडू नको, भाकर करपी ऱ्हायनी."

"करपू दे," त्या म्हणाल्या. "आधी तुन्हा त्या डबाले सांग, एक म्हन. जोरमा म्हन."

त्यानं वरच्या ओळीतला एक दाबला. मी जोरात "एक" म्हटलं. माझ्या मनातलं मला बोलता येत नाही म्हणालो ना? तो एक मात्र माझा होता.

मित्रांनो, आता माझ्यात दोन चुली आहेत. हलकी पेटवली तर मी अजून काट्यावरच्यासारखा पळतो. कोणती पेटवायची हे विचारताना मी मुकाच असतो, म्हणून हेमकांतनं माझ्याकडून तिथं एक पी करवून घेतलं. पी झालं आणि गप्प बसलात तर नवी चूल. खालच्या बाणाचं बटण एकदा दाबून एंटर मारलं तर जुनी.

तो दाणा त्यानं फेकला नाही. चुनीलाल घरी आला तेव्हा त्याच्याकडून त्या खालच्या बाणावर फेव्हिक्विकनं पक्का बसवून घेतला. चुनीलाल म्हणाला, "लोके मशीनमा रॅम टाकतस, तू तांदूय टाक." शोभाबाईची गाणीपण आता एकाला दोन ठिकाणी आहेत, पेन ड्राइव्ह रिकामा झाला त्या दिवशीच त्यानं ती त्यावरही भरली.

वत्सलाबाईंना अक्षर येत नाही. माझ्यासमोर त्या आणि हेमकांत सारखेच. दुपारी हेमकांत बाहेर गेला की त्या पदराला हात पुसत येतात, मला चालू करतात, पी ऐकतात, दाणा शोधतात, एंटर मारतात. जुनी चूल पेटली की गाणं आपोआप लागेल अशी सोय त्यानं केली आहे. त्यापायी कामाला बसलं की त्याला रोज आधी काकीला गप्प करावं लागतं. चालतं त्याला.

तुम्हाला एवढंच सांगायचं. न दिसणाऱ्या माणसाच्या घरात गेलात तर त्याची खुर्ची, त्याची काठी, त्याचा तांब्या जागचा हलवू नका. हलवलात तर सांगा. चांगल्या मनानं काही ठेवलंत तरी सांगा. फूल असलं तरी सांगा. आणि माझ्यासारखं जुनं काही कोपऱ्यात पडलं असेल तर फेकण्याआधी विचारा, ह्याच्या पोटात कोण आहे.

परवा पुन्हा दसरा झाला. वत्सलाबाईंनी विळा पुसला, कोयता पुसला, माझ्याकडे आल्या. हेमकांत अंगणात दात घासत होता.

"हेमु, डबाना डोकावर फूल ठेयं," त्यांनी ओरडून सांगितलं. "तांदूय बी डोकावरच. बटनवर नई. ऐकं का?"

"ऐकं वं माय," तो तोंडात फेस घेऊन म्हणाला.

मग त्यांनी मला चालू केलं, पी ऐकलं आणि दाणा चाचपला.