थोडीशी सिकाई

“मतलब, ही सिकाई, हा किरणांचा शेक, एकटी काहीच करणार नाही?” कुमुदिनीताईंनी विचारलं.

“जवळजवळ नाहीच,” डॉक्टर शामला म्हणाल्या. “किरणांचा डोस अगदी कमी आहे. मोठा मार बसला की कॅन्सरच्या पेशी स्वतःची डागडुजी सुरू करतात. लहान माराची त्यांना चाहूलच लागत नाही, असं दिसतंय. तेवढ्यात केमोचं औषध आपलं काम करून घेईल, अशी आशा आहे.”

“आशा. खात्री नाही.”

“नाही. फार थोड्या बायकांवर करून पाहिलंय.”

“मग माझ्यावर पण बघा करून.”

शेजारी बसलेले त्यांचे यजमान, जयसिंहराव, खिडकीबाहेर पाहत राहिले.

अंडाशयाचा कॅन्सर ऑपरेशननंतर दोन वर्षांनी परतला होता. पण कुमुदिनीताईंना प्रत्येक गोष्ट कशी चालते याचं कुतूहल. घरी रेडिओ दुरुस्त करायला येणारा माणूस त्यांच्या प्रश्नांना कंटाळून चहा न घेताच निघून जायचा.

अडचण वेगळीच होती. मध्य प्रदेशातून छत्तीसगड नुकतंच वेगळं झालं होतं आणि सिंचन खात्यातले जयसिंहराव नव्या राज्याच्या वाट्याला गेले होते. लवकरच रायपूरला हजर व्हायचं होतं. घरच्या आजारपणामुळे इथेच राहण्याची सूट मिळू शकत होती, पण त्यांनी अर्जच केला नव्हता.

किला गेटजवळच्या घरी परतल्यावर ताईंनी विषय काढला. “अर्ज का करत नाही तुम्ही?”

“त्यात ‘असाध्य’ असं लिहावं लागतं.”

“मग लिहा ना.”

“माझ्या हातून नाही व्हायचं, कुमुद.”

“तुम्ही नाही लिहिलं म्हणून मी बरी होणार आहे का? दवाखान्यात उषाताईंना सोबत नेलं तर त्या माझ्याआधी रडायला बसतील. मला तुम्हीच पाहिजे.”

उषाताई म्हणजे जयसिंहरावांची बहीण. ते कसनुसं हसले आणि लिहायला बसले. एका शब्दापाशी हात अडला. ताई शेजारी बसून होत्या. बऱ्याच वेळाने पेन पुढे सरकलं.

सूट मिळाली. उपचार सुरू झाले. उलट्या झाल्या, पायांतलं बळ गेलं; तरी मशीनखाली झोपल्यावर ताईंचे प्रश्न थांबले नाहीत. पुढच्या स्कॅनमध्ये गाठी निम्म्याहून लहान झालेल्या दिसल्या.

“हे सिकाईने झालं, की औषधाने?”

“तुमच्या एकटीवरून नाही सांगता येणार,” डॉक्टर म्हणाल्या.

“म्हणजे हेही अजून कळायचंच आहे,” ताई म्हणाल्या. ते त्यांना आवडल्यासारखं दिसलं.

वर्षभर बरं गेलं. मग आजार पुन्हा उलटला आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

त्या वर्षाबद्दल कोणी विचारलं तर जयसिंहराव दवाखान्याचं बोलत नाहीत. ते हिवाळ्यातली एक दुपार सांगतात. बावन्न वर्षांच्या ताईंनी शेजारच्या शांताताईंची लूना मागून आणली होती. जयसिंहराव सीट धरून मागे पळत होते.

“सोडा आता,” ताई म्हणाल्या.

“पडशील.”

“पडले तर कळेल ना कसं पडतात. सोडा.”

त्यांनी हात काढला. गाडी डुगडुगली, सावरली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली. जयसिंहराव धापा टाकत गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि लांब जाणारा लूनाचा आवाज ऐकत राहिले.