नवमीचा पाना

कचेरीतली कायमची कारकुनी सोडून दामोदर मोटारींचं काम शिकायला निघाला, तेव्हा सासऱ्यांनी जिलबी मोडता मोडता विचारलं, "जावईबापू, हे कसले डोहाळे?" पंगत हसली. त्याची बायको अहल्या तेवढी हसली नाही. तिने मनातल्या मनात देवीला नवरात्राचे कडक उपास बोलून टाकले: यांच्या हाताला यश दे.

विश्वामित्री नदीपलीकडे सरदार उदयसिंहरावांचं गॅरेज होतं. तिथले मिस्त्री जयवंतराव. इंजिन उघडलं की त्यांचं तोंडही उघडायचं.

"अल्या दामू, इंजिन म्हणजे झाकण घट्ट बसवलेलं पातेलं. आत जागा कमी ठेव, दाब वाढतो. दाब वाढला की जोर वाढतो. समजलं ने?"

ते झाकण म्हणजे हेड. ते घासून पातळ करायचं. जास्त घासलं तर हेड फुकट, कमी घासलं तर मेहनत फुकट. दामोदरने दोन हेडं वाया घालवली. पहिल्याला जयवंतरावांनी शेलकी शिवी हासडली, दुसऱ्याला नुसते गप्प बसले. ते गप्प बसणं जास्त लागलं.

सरदारांना वडिलांच्या वेळची एक लांबलचक मोटार भंगारात काढायची होती. जयवंतरावांनी गळ घातली तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे. दसऱ्याला पाणीगेटपासून आजव्याच्या तलावापर्यंत आमचे स्नेही फत्तेसिंहराव यांच्या नव्या मोटारीबरोबर पळवा. पुढे आली तर गॅरेज राहील आणि हा तुमचा दामोदर पगारावर. मागे पडली तर कुलूप."

अष्टमीला दामोदरने तिसरं हेड बसवलं. इंजिन सुरू झालं आणि असा भरदार सूर लागला की जयवंतरावांनी डोक्यावरचं पागोटं काढून बॉनेटवर ठेवलं. कुलदेवतेला गावी निघताना बजावून गेले, "रात्रभर गार होऊ दे. हेडाखालचा तांब्याचा पत्रा तापून दबतो, नट ढिले पडतात. उद्या सगळे पुन्हा आवळ."

त्या नटांना गावातला दुसरा कुठला पाना बसत नसे. दामोदरने तो लोहाराकडून मुद्दाम करून घेतला होता. खंडेनवमीच्या पूजेसाठी हत्यारं घरी आणताना पाना तेवढा वेगळा काढायचा, असं त्याच्या मनात होतं. पण दिवसभराचं अंग आंबलेलं. गाठोडं कोपऱ्यात ठेवून तो आडवा झाला. सकाळी आंघोळ करून येतो तो सगळी हत्यारं घासून-पुसून घटासमोर पाटावर मांडलेली, पान्यावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याला घट हलेपर्यंत उचलायचं नाही, हे त्याच्या घरात काय, त्याच्या रक्तातच होतं.

"तो मोठा पाना हवा होता जरा," तो म्हणाला.

अहल्याचा हात अक्षतांवर थांबला. उपासांनी तिचे डोळे खोल गेले होते. "घ्या ना. मी देवीला समजावीन."

'घेऊ नका' म्हणाली असती तर तो भांडला असता आणि घेऊन गेला असता. ती 'समजावीन' म्हणाली, आणि त्याचा हात पुढे होईना.

"राहू दे. उद्या घट हलला की घेतो."

दसऱ्याला मात्र घट हलायच्या आधीच सरदारांचा माणूस दारात. ऊन चढायच्या आत निघायचं होतं. दामोदर पाटासमोर उभा राहिला. दिवा संथ तेवत होता. त्याला वाटलं, हिचे एवढे उपास पाठीशी आहेत. आणि नट तर परवाच अंगातला जीव लावून आवळलेत. तो रिकाम्या हातांनी निघाला.

अर्ध्या वाटेपर्यंत जुनी मोटार पुढे होती. मग हेडाखालून फुसफुस सुरू झाली, मागून पांढरा धूर आला, आणि आत काहीतरी धाडकन आपटलं. पाणी सिलिंडरात शिरलं होतं. ओतीव लोखंडाला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता.

गावाहून थेट शर्यतीलाच आलेल्या जयवंतरावांनी फडक्यात धरून एक नट फिरवला. तो फिरला.

"दामू, आवळले नव्हतेस?"

पाना पूजेत होता, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. सरदारांच्या घरीही तलवारी पूजेत मांडलेल्या. त्यांनी मान डोलावली असती. पण मग गावभर झालं असतं की अहल्याच्या व्रताने मोटार बुडवली.

"विसरलो," दामोदर म्हणाला.

"विसरलास." जयवंतरावांनी फडकं झटकलं. "दोन हेडं घालवलीस, मी चालवून घेतलं. विसरभोळ्याच्या हातात इंजिन देत नाही मी."

उदयसिंहरावांनी गॅरेजची किल्ली मागून घेतली आणि फत्तेसिंहरावांच्या मोटारीत बसून निघून गेले.

घरी अहल्या औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. त्याच्याकडे बघून तिने ते खाली ठेवलं.

"काय झालं?"

"इंजिन जुनं होतं."

तिची नजर पाटावरच्या पान्याकडे गेली आणि तिथेच राहिली. ती हळू म्हणाली, "मी घ्या म्हटलं होतं."

"हो."

तिने पान वाढलं. त्याने सुरुवात केल्याशिवाय तिचा उपास सुटणार नव्हता. म्हणून त्याने पुरणपोळीचा घास तोंडात घातला. तो नुसता चावत राहिला. समोर ती वाट बघत बसली होती.