विक्रोळीचं गाऱ्हाणं

"बाबा, आज गाऱ्हाण्यात माझ्या ब्लॉकाचा नाव घेवा," देवळाच्या पायरीवरच गुरुदासने वडलांना गाठलं. "विक्रोळीक नवी कॉलनी झाली हा. आमच्या मिलवाल्यांका ब्लॉक देतत. मी अर्ज घातलंय."

"आणि मेळलो तर?" भिकाजी घाडीने विचारलं.

"तर सुगंधाक नि चेडवाक घेवन जातलंय."

भिकाजी आत गेला. ग्रामदैवत रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालायचा, गावाच्या वतीने मागणं मागायचा मान त्याच्या घराण्याचा. 'मुंबैच्या झिलांका बरकत दी' असं तो वर्षानुवर्षं देवाला सांगत आला होता. देवाने ऐकलं, पण असं ऐकलं की वाडी ओस पडली! पूर्वी वाडीतले सगळे बाप्ये परळच्या चाळीत एकाच खोलीत राहायचे, ट्रंकेला ट्रंक लावून. भिकाजीनेही तरुणपण तिथेच काढलं. बायकापोरं गावी, त्यामुळे मे महिना आला की पाय गावाकडे वळायचेच. मग मालकाने चाळ पाडून मोठी इमारत उठवली. पोरं नव्या कॉलन्यांत पांगली, एकेकाने बिऱ्हाड नेलं आणि इथे घराला कुलूप घातलं. मुंबई वाढते म्हणे! कुणाच्या जिवावर वाढते? भिकाजीने ठरवलं, ब्लॉकाचं नावच काढायचं नाही. विसरलो म्हणून सांगायचं. म्हातारा माणूस, कोण काय बोलणार?

सभामंडपात हुंकार द्यायला चार म्हातारे उरले होते. बायका खांबापलीकडे.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या म्हाराजा, पाऊसपाणी बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हाताऱ्यांनी हुंकार दिला.

"गोराढोरांका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मुंबईची पाळी आली. भिकाजीची नजर नेमकी सुगंधावर गेली. लग्न झाल्यापासून तिला नवरा वर्षातून महिनाभर. पोरगी तर बापाला बघून 'ह्यो कोण इलो?' म्हणून विचारते. सून हात जोडून त्याच्या तोंडाकडे बघत होती. शेजारी त्याची बायको नर्मदा. तिनेही उभा जन्म असाच वाट बघण्यात घालवला होता. भिकाजीला स्वतःचाच राग आला.

"माझ्या झिलाक विक्रोळीक ब्लॉक मेळू दी रे म्हाराजा! सुनेक, नातीक तेच्या वांगडा जाऊ दी रे म्हाराजा!"

कुणीच हुंकार दिला नाही. ज्याचं गाऱ्हाणं त्याने गप्प राहायचं असतं, म्हणून गुरुदास मान खाली घालून उभा. म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. आणखी एक बिऱ्हाड वाडीतून हलायला 'होय' कोण म्हणणार? आणि हुंकाराशिवाय गाऱ्हाणं देवाला पोचत नाही.

"व्हय म्हाराजा!"

आवाज बाईचा होता. त्या देवळात बाईमाणसाने हुंकार दिलेला आजवर कुणी ऐकला नव्हता. खांबापलीकडे नर्मदा एक पाऊल पुढे आली होती. तिचा एक हात नातीच्या डोक्यावर होता.

भिकाजीने डोळे मिटले आणि उरलेलं गाऱ्हाणं पुरं केलं.