फाट्यावरचा माणूस

सायकलवाल्यांच्या जथ्यात सगळ्यात मागे राहणाऱ्याला जगाची एकच बाजू दिसते, आणि ती बाजू काही पाहण्यासारखी नसते. चिखलाने बरबटलेल्या चड्ड्या, घामाने पाठीला चिकटलेले शर्ट, मध्येच मान वळवून टाकलेली थुंकी. ती हे सगळं वर्षानुवर्षं पाहत आली होती. नवरा पुढे राहून वाट दाखवायचा आणि ती मागे. पडेल त्याला उचलायचं, तुटेल ते जोडायचं, आणि पाहुण्यांनी खाऊन फेकलेली वेष्टनं वेचत यायचं. नवरा तिला चारचौघांत ‘शेपूट’ म्हणायचा. पाहुणे खिदळायचे. सुरुवातीला तीही हसायची, आता नुसते दात दाखवायची.

त्या दिवशी मात्र सकाळपासूनच तिला मळमळत होतं. एका मोठ्या सायकल कंपनीचा साहेब आला होता, सोबत हाताखालचे दोघे, एक चष्मेवाला आणि एक जाड्या. साहेबाला जाहिरातीसाठी वाट हवी होती. दाट जंगल, उभे कडे, खाली घळीतून घुसळत जाणारी नदी, असं सगळं एका जागी. ते सगळं इथे होतंच. पण नवरा ते असं दाखवत होता, जणू घळ त्याच्या वाडवडिलांनी खणून ठेवली होती. साहेबाच्या डोक्यावरच्या टोपावर कॅमेरा होता आणि साहेब दर चढाला खाकरून थुंकत होता, तेही वाटेच्या मधोमध. नवरा म्हणत होता, “वा सर, काय दम आहे तुमच्यात!” लाळघोटेपणाला काही सुमार असतो की नाही? मागून येणारी ती आपलं चाक वाचवत होती.

आणि त्यात बाबा. तिचे वडील. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, आयुष्यभर सायकलने दुकानात गेले, त्यामुळे म्हातारपणीही पाय मजबूत. यायला ते तयार नव्हते. नवऱ्यानेच गळ घातली होती. “बाबा, तुम्ही नाही आलात तर मजा नाही.” तिला क्षणभर बरं वाटलं होतं. मग सकाळी गाडीतून सायकली उतरवताना तिने त्याला साहेबाच्या कानाशी लागलेलं ऐकलं. “पांढरे केस, सायकल, मागे दरी. लोक वेडे होतात सर अशा चित्रावर.” तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बाबांना म्हणाली, “तुम्ही गाडीतच बसा.” तर बाबा म्हणाले, “अगं, जावईबापूंनी एवढ्या प्रेमाने बोलावलंय.”

आता त्यांचा एक नियम होता, तो सांगायला हवा. जंगलात वाटेला फाटे फुटतात. पुढचा वेगात असतो, मागचा दिसत नाही. म्हणून फाटा आला की म्होरक्याच्या लगेच मागे असलेल्या माणसाने तिथे उतरायचं, बरोबर वाटेकडे सायकलचं तोंड करून उभं राहायचं, आणि शेवटचं माणूस, म्हणजे ती, येईपर्यंत हलायचं नाही. तहान लागो, पाऊस येवो, मुतायला लागो, हलायचं नाही. नवरा-बायकोने सायकल-सहलींचा धंदा सुरू केला तेव्हा दोघांनी मिळून ठरवलेला हा नियम होता, आणि तिच्या मते त्यांच्या संसारातली ती एकमेव गोष्ट होती जी कधी मोडली नव्हती. भांडण झालेलं असो, अबोला असो, फाट्यावर माणूस असायचाच. तो दिसला की तिला वाटायचं, पुढे कोणीतरी आपली आठवण ठेवून आहे.

दुपार कलल्यावर तिची साखळी तुटली. बाबा तिच्या थोडे पुढे होते. ते थांबले, मागे यायला लागले. तिने हात केला.

“तुम्ही व्हा पुढे बाबा. पुढच्या फाट्यावर माणूस असेल उभा. तो दाखवेल तिकडे वळा.”

“तुला लागलं तर काही?”

“मला काय लागतंय? काळे हात होतील तेवढेच.”

बाबा गेले. तिने साखळीची तुटकी कडी काढली, नवी घातली, हात पानांना पुसले आणि निघाली. उतार होता, सावली लांब पडत होती, खालून नदीचा आवाज येत होता. वळण घेतलं आणि फाटा आला.

फाट्यावर कोणी नव्हतं.

तिने ब्रेक असा दाबला की मागचं चाक उचललं गेलं. उजवीकडची वाट नदीकाठच्या मोठ्या खडकाकडे जायची. तिथून हसण्याचे आणि टाळ्यांचे आवाज येत होते. डावीकडे लाकूडतोड्यांची जुनी वाट होती. ती थोडं अंतर चांगली दिसायची आणि मग कडा ढासळल्यामुळे एकदम संपायची, खाली सरळ घळ. त्या वाटेच्या ओल्या मातीत टायरचा एकच माग होता. अरुंद, जुन्या धाटणीच्या नक्षीचा. डावीकडे गेलेला.

तिने सायकल तिथेच टाकली आणि पळत सुटली. “बाबा! बाबा!” कड्याशी आली तर सायकलचं पुढचं चाक तेवढं वर अडकून राहिलेलं. बाबा खाली एका कातळाच्या पायरीवर पडले होते, झुडपात गुंतलेले, त्यांच्याखाली नदी. ते हलले. तिचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला, कारण पायरी हातभर रुंद होती आणि बाबा उठायला बघत होते.

“हलू नका! अजिबात हलू नका!”

ती मुळं धरत, ढुंगणावर घसरत त्यांच्यापाशी उतरली. खांद्याचं हाड मोडलं होतं, कपाळ फुटलं होतं. एका हाताने त्यांना कातळाशी दाबून धरत तिने शिट्टी फुंकली, पुन्हा फुंकली, ओठ फाटेपर्यंत फुंकली. खडकाच्या बाजूने टाळ्या ऐकू येत होत्या. टाळ्या थांबल्या, मग पुन्हा सुरू झाल्या. बऱ्याच वेळाने कड्यावर डोकी दिसली. नवरा पांढराफटक पडलेला. आणि त्याच्या शेजारी साहेब, टोपावरच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू, मान खाली घालून नीट कोनात धरलेली. म्हाताऱ्याचं रक्त तो टिपत होता.

दोर सोडला, बाबांना वर घेतलं. वाटेच्या टोकाला असलेल्या छोट्या दवाखान्यात आणलं. फिनेलचा वास, एक खाट, एक स्टूल, भिंतीवर हाडांचं चित्र. डॉक्टरीणबाई हात बांधताबांधता म्हणाल्या, “हे कसं झालं?”

“फाट्यावर माणूस उभा केला होता आम्ही,” नवरा चटकन म्हणाला. “बाबांचं लक्ष नव्हतं. सरळ डावीकडे गेले.”

चष्मेवाला खाली बघत होता. साहेब मोबाइलवर अंगठा फिरवत होता.

ती तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवरून बाबा म्हणाले, “हो. होता माणूस. माझीच चूक.”

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा हाडांच्या चित्राकडे पाहत होते. आणि सगळ्यात वाईट काय, तर त्या क्षणी तिला हायसं वाटलं. भांडण टळलं, गाडीत बसून घरी जाता येईल, साहेब जाहिरात करेल. नंतर लगेच तिला स्वतःचीच इतकी शिसारी आली की तिने नळाखाली हात धरले आणि साखळीचं काळं निघेना म्हणून घासत बसली.

सगळे बाहेर गेल्यावर ती स्टूल ओढून बसली.

“खोटं का बोललात बाबा? मी आले तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं.”

“जाऊ दे ना बाळ. मी काय, आज आहे उद्या नाही. तुला त्यांच्याबरोबर दिवस काढायचेत.”

“माणूस उभाच केला नव्हता का?”

बाबांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. “केला होता. चष्मेवाला. मी वरच्या वळणावर आलो तेव्हा उभा होता तो. मग जावईबापू मागे आले पळत. उन्ह जातंय, खडकावर सगळे हवेत, असं काहीतरी ओरडले. मी वरून हात हलवला. थांबा म्हणून.” ते म्हणाले, “त्यांनी वर बघितलं. त्यांनीही हात हलवला. मला वाटलं, डावीकडे या म्हणतायत. मग दोघं झाडीत दिसेनासे झाले.”

“त्याने तुम्हाला बघितलं?”

“अगं, म्हणजे काय. हसले पण माझ्याकडे बघून.”

ती बाहेर आली. व्हरांड्यात चौघे चहा पीत होते. जाड्या बिस्किटं बुडवत होता. नवऱ्याने तिच्या हातात कप दिला.

“झोपले का बाबा? थोडक्यात निभावलं बघ. सरांना वाट पसंत आहे.”

तिने एक घोट घेतला. “बाबा म्हणतात, तू त्यांना वळणावर बघितलं होतंस.”

नवऱ्याने साहेबाकडे पाहिलं, तिचा दंड धरून तिला बाजूला नेलं आणि आवाज खाली आणला. “उन्ह जात होतं गं. दोन मिनिटांचा प्रश्न होता. मला वाटलं, तू असशील त्यांच्या मागे.” मग थांबून, अगदी काळजीच्या सुरात त्याने विचारलं, “डॉक्टरला नाही ना सांगितलं त्यांनी?”

“नाही.”

“मग झालं तर.”

त्याच्या चेहऱ्यावर खरंच सुटका दिसत होती. खोटी नव्हती ती. तिने चहाचा आणखी एक घोट तोंडात घेतला. तो तिने त्याच्या बुटांवर थुंकला.

“अगं! वेड लागलं का तुला? सर बघतायत!”

“बघू देत. दिवा चालू करायला सांग त्यांना.” तिने चष्मेवाल्याकडे वळून विचारलं, “तुम्हाला कोणी हलवलं तिथून?”

चष्मेवाल्याने कप खाली ठेवला. साहेबाकडे पाहिलं, मग तिच्या नवऱ्याकडे, आणि त्याच्याकडे बोट केलं. साहेब “बरं, आपण निघू या का?” म्हणाला आणि उठून अंगणात गेला. खाकरला. थुंकला.

ती आत गेली, डॉक्टरीणबाईंना घेऊन. मागोमाग नवरा आला, दारातच थांबला, तोंडावर तेच पाहुण्यांसमोरचं हसू ओढून.

“बाबा,” ती म्हणाली, “मी याच्याबरोबर घरी जाणार नाहीये. आजही नाही, नंतरही नाही. आता माझ्यासाठी काही झाकायची गरज उरली नाही. डॉक्टरीणबाईंना खरं काय ते सांगा.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. सगळा जन्म दुसऱ्यांची वेळ सांभाळण्यात गेलेला माणूस, त्याला हे जड गेलं. त्यांनी चांगल्या हाताने पांघरूण छातीवरून खाली सारलं, दाराकडे मान वळवली आणि नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाले,

“जावईबापू, मी तुम्हाला हात केला होता. तुम्ही बघितलंत. आणि निघून गेलात.”

नवरा काहीतरी बोलायला गेला. डॉक्टरीणबाई उठल्या आणि त्याच्या तोंडावर त्यांनी दार लावून घेतलं.